मी ग्रुप सोडला, त्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर माझा आवाज चढतो आणि मग बाबा गप्प होतात, म्हणून लिहितेय. रविवारी मी आपल्या घरच्या ग्रुपमधून बाहेर पडले. काकांचा फोन येऊन गेलाच असेल. राग कुणावरच नाही, तुमच्यावर तर मुळीच नाही. रोजचा फोन सकाळी साडेसातला येईलच.

मला ती बोहारीण डोळ्यांपुढून जात नाही. आई, तू गॅलरीत उभी होतीस आणि खाली वॉचमन तिला गेटवरून घालवत होता, हे तूच सांगितलंस. वीस वर्षं ती आपल्या जिन्यात टोपलं उतरवते. माझ्या शाळेच्या फ्रॉकांवर घेतलेला पोचा पडलेला डबा अजून गोड्या मसाल्याचा आहे. आणि एका क्लिपवरून 'बोहारणी मुलं पळवतात' हे ग्रुपवर ठरलं. बाबा, तुम्ही 'खरं आहे' लिहिलंत आणि सोसायटीच्या मीटिंगमध्येही तेच बोललात. तुम्ही एकटे असता तर असं बोलला नसता, मी ओळखते ना तुम्हाला. पण आधी एकवीस जणांनी अंगठे दिले होते. बाविसावा अंगठा माझा होता. क्लिप न बघताच दिला.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये एक प्रयोग केला होता. कुठली रेघ कुठल्या रेघेएवढी आहे, इतकंच सांगायचं. खोलीतली बाकीची माणसं आधीच पढवलेली, मुद्दाम चुकीचं उत्तर देणारी. डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी चुकीच्या उत्तराला मान डोलावली. मात्र एक जरी माणूस खरं बोलला, तर हे डोलावणं खूपच कमी व्हायचं. तो एक माणूस मी व्हायला हवं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. सगळे वडीलधारे, मामींचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यात कशाला वाद, असं वाटलं. त्या ग्रुपमध्ये माझी जीभ उचलत नाही, म्हणून बाहेर पडले. समोरासमोर नक्की बोलेन.

तुम्हाला घाबरवायचं नाही, पण धुळे जिल्हा आपल्या शेजारीच आहे. १ जुलै २०१८ ला राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ठार मारलं. अफवा मोबाईलवरूनच फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली.

बाबा, २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाताना तुम्ही माझ्या तळहातावर बॉलपेनने घरचा पत्ता लिहिला होतात. 'सगळे पळाले तरी तू पळू नकोस, भिंतीला टेकून उभी राहा, मी येतो.' घामाने शाई पुसली, तर तुम्ही परत लिहिलात. मी रात्रभर हात धुतला नव्हता.

आता ऐका. मेसेजवर दोन बाण दिसले की तो खूप हातांतून आलेला असतो, तो पुढे पाठवायचा नाही. आधी मला फोन करा, मी मीटिंगमध्ये असले तरी. कुणी काहीही काढा सुचवला तरी बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, आणि आई, ती बाबांनी घेतली का हे तू बघायचं. फिरायला ऊन आल्यावरच जायचं, कानटोपी घालून. नवीन गीझर लगेच तापतो, तेव्हा गार पाण्याचा हट्ट पुरे. रात्री नऊनंतर फोन दिवाणखान्यात चार्जिंगला. बाबांना भजनांचा ग्रुप हवा असेल तर तो खुशाल ठेवा, त्याला माझी ना नाही.

शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटीने येतेय. नाशिकरोडला घ्यायला येऊ नका, थंडी असते, मी रिक्षा करेन. शनिवारी बाबा आणि मी सेक्रेटरींकडे जाऊ. तुम्ही नुसते सोबत बसा, बोलेन मी. आणि आई, माझे जुने पंजाबी ड्रेस आणि तुझ्या विरलेल्या साड्या काढून ठेव. ती यायला लागली की लागतील.

तुमची,
छकुली