फी शून्य, म्हणून कर्जही शून्य? शिक्षणमंत्र्यांना बडोद्याहून खुले पत्र

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री,
नवी दिल्ली.

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, परदेशातल्या सरकारी विद्यापीठात शिकायला निघालेल्या आमच्या बडोद्याच्या मुलांची गाडी तिकडे अडत नाही, इथेच अडते. आणि ती जिथे अडते ती जागा तुमच्या आणि अर्थखात्याच्या अखत्यारीत येते.

मी सरकारी बँकेतून निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागातच गेली, त्यामुळे दांडिया बाजार, बाबाजीपुरा, शियाबाग या भागातली मुलं आपले कागद घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेक कलाभवनातली, म्हणजे म. स. विद्यापीठात इंजिनिअरिंग केलेली. वडील मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नाहीतर कुठल्यातरी पेढीवर हिशेबनीस, आई घरून पोळीभाजीचे डबे देते. अमेरिका आणि इंग्लंडचं नाव या घरांतून कुणी काढत नाही. जर्मनीचं काढतात, कारण तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी नसते असं ऐकलेलं असतं.

ऐकलेलं बरंचसं खरं आहे. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांकडूनही शिकवण्याची फी घेत नाहीत. दर सहामाहीला एक वर्गणी असते, साधारण शंभर ते चारशे युरो, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यातच बस-रेल्वेचा पास येतो. पण अपवाद आहेत, आणि ते माहीत नसले की महागात पडतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाही १,५०० युरो फी लावली. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही सगळी त्याच राज्यात. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानं २०२४-२५ पासून मास्टर्सला सहामाही ४,००० ते ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. जर्मनीबाहेर पाहिलं तर स्वीडननं २०११ मध्ये, फिनलंडनं २०१७ मध्ये आणि नॉर्वेनं २०२३ मध्ये आमच्यासारख्यांना फी लावून टाकली. इटलीत फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि तिथली प्रांतिक शिष्यवृत्तीही चांगली आहे, पण त्यासाठी उत्पन्नाचे आणि घरादाराचे कागद, त्यांचं भाषांतर आणि वर परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, लागतं. ज्याच्या घराच्या कागदावर अजून पणजोबांचं नाव आहे त्यानं इटलीचा विचार जरा लवकर सुरू करावा.

आमच्या गल्लीतली एक मुलगी गेल्या वर्षी या सगळ्यातून गेली. मेकॅनिकल, गुण उत्तम. तिनं हिशेबाच्या वहीत तीन रकाने पाडले: म्युनिक, स्टुटगार्ट आणि केम्निट्झ. केम्निट्झ हे पूर्वीच्या पूर्व जर्मनीतलं कारखान्यांचं गाव, तिथे सरकारी तंत्र विद्यापीठ आहे आणि इंग्रजीत चालणारे मास्टर्सही आहेत. म्युनिकचं नाव मोठं, पण वर सांगितलेली फी आणि त्यात जर्मनीतलं सगळ्यात महाग घरभाडं. स्टुटगार्टला फी त्या मानानं कमी, पण खोली मिळता मिळत नाही. केम्निट्झला फी नाही आणि भाडं देशातल्या स्वस्त गावांमध्ये मोडणारं. नातेवाईक म्हणाले, "हे कुठलं गाव? कुणी नाव तरी ऐकलंय?" मुलीनं केम्निट्झखाली रेघ मारली. मला विचाराल तर तिचा हिशेब आमच्या शाखेतल्या कित्येक अधिकाऱ्यांपेक्षा पक्का होता.

आता खरी गोष्ट. फी नाही म्हणजे पैसे लागत नाहीत असं नाही. व्हिसासाठी जर्मनीला एक वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच एका बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) ठेवलेला दिसावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो झाला. ते तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ या दरानं सुटतात आणि त्यातून दीडशेच्या घरातला आरोग्यविम्याचा हप्ता जातो. आपल्या रुपयांत ही रक्कम बारा लाखांच्या वर गेली. म्युनिकला जा की केम्निट्झला, आकडा तोच. शिवाय एपीएस म्हणजे कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला, जो भारतीय मुलांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचा आहे, त्याचे १८,००० रुपये. विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या सामाईक अर्ज केंद्रामार्फत करायचे तर पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. हे किरकोळ झालं. घराचा कस लागतो तो त्या बारा लाखांत, कारण ते हप्त्यानं नाही, एकरकमी आणि प्रवासाच्या आधी लागतात.

ती वडिलांना घेऊन एका बँकेत गेली. मीही बरोबर होतो, गप्प बसायचं ठरवून. कर्ज विभागातला तरुण अधिकारी भला माणूस होता, त्याला दोष देत नाही. प्रवेशपत्र पाहून म्हणाला, "फी स्ट्रक्चरचा कागद द्या."

मुलीनं विद्यापीठाचं पत्र पुढे केलं. ट्यूशन फी नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं.

"फी शून्य आहे, मग लोन कशासाठी?"

बंद खात्याचं तिनं समजावून सांगितलं. त्यानं स्क्रीनवर बरीच खुडबुड केली. फीच्या रकान्यात शून्य टाकलं की पुढचा राहण्याचा खर्च मोठा दिसतो, आणि तो फीच्या प्रमाणात बसत नाही म्हणून मंजुरीला वर पाठवावा लागतो. वर पाठवलं की संस्था बँकेच्या यादीत आहे का ते पाहिलं जातं. केम्निट्झ त्या यादीत नव्हतं. तारण द्या, असं शेवटी सांगण्यात आलं. तारण काय द्यायचं? वाड्यातल्या दोन खोल्या. सिटी सर्व्हेच्या कागदावर आजोबांचं नाव, वारसाई झालेली नाही, आणि तीन काकांपैकी एक सुरतेला, एक पुण्याला, एक बोलत नाही.

त्याच आठवड्यात एका ओळखीच्या मुलाला एका खासगी विद्यापीठासाठी याच्या दुप्पट रकमेचं कर्ज एका खासगी वित्तसंस्थेनं चुटकीसरशी दिलं, व्याजदर अर्थात त्यांच्या मर्जीचा. फीचं भलंमोठं बिल असलं की कागद सरकतो. जी मुलगी विचार करून कमी खर्चाचं गाव निवडते तिची फाइल अडते, आणि जो महाग पत्करतो त्याची पुढे जाते. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण फेडीच्या दृष्टीनं पाहिलं तर पहिलं कर्ज जास्त सुरक्षित आहे.

नियम कुठे तोकडे पडतात तेही सांगतो. शैक्षणिक कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी देणारा केंद्राचा पतहमी निधी आहे, पण विनातारण हमी साडेसात लाखांपर्यंतच. बंद खात्याचा आकडा तिथेच ओलांडला जातो. पीएम-विद्यालक्ष्मी ही चांगली योजना तुमच्याच खात्यानं २०२४ मध्ये आणली, पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे. अल्पसंख्याक मुलांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज अनुदान देणारी 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती तुमच्या नव्हे, सामाजिक न्याय खात्याची. तिला क्यूएस या जागतिक विद्यापीठांच्या क्रमवारीतल्या पहिल्या पाचशेंची अट आहे.

या क्रमवारीचं एक उदाहरण देतो. आखेन नावाच्या गावात दोन सरकारी संस्था आहेत. एक आरडब्ल्यूटीएच हे तंत्र विद्यापीठ, क्यूएसमध्ये शंभराच्या आसपास. दुसरी एफएच आखेन, उपयोजित विज्ञानाची, जिथे उद्योगातला अनुभव असल्याशिवाय प्राध्यापक होता येत नाही आणि प्रबंध बहुधा कारखान्यात बसून लिहितात. तिचं नाव त्या क्रमवारीत सापडायचं नाही, कारण क्रमवारी संशोधनाला तोलते. गाव एक, भाडं एक, दोन्हीकडे नेहमीच्या अभ्यासक्रमांना फी नाही (आरडब्ल्यूटीएचच्या इंटरनॅशनल अकॅडमीचे काही कोर्स सोडा, ते पैसे घेतात). पण आपल्या यादीच्या लेखी पहिली सोनं आणि दुसरी माती. जीआयडीसीत लेथवर उभं राहिलेल्या माणसाच्या पोराला दुसरीच जास्त मानवेल, असं माझं मत आहे.

याच बडोद्यातून १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. पुढे त्या नोकरीत काय वाट्याला आलं ते या शहरानं अभिमानानं सांगण्यासारखं नाही, तो विषय वेगळा. मी फक्त व्यवहाराकडे लक्ष वेधतो. मदत दरमहा खर्चाची होती आणि तिच्या बदल्यात बाँड होता. आज जर्मनी मागते तेही दरमहा खर्चाचीच हमी. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानच्या दप्तरात जे बसत होतं ते आपल्या संगणकाच्या रकान्यात बसू नये?

आता एजंटांबद्दल. अलकापुरी आणि फतेगंजच्या रस्त्यांवर वर नजर टाकली की परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांचे बोर्डच बोर्ड. सल्ला फुकट. तो कसा परवडतो हे पालक विचारत नाहीत. खासगी विद्यापीठं प्रवेशामागे कमिशन देतात; जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांकडून एजंटाला काही मिळत नाही. म्हणून मूल "जर्मनी, सरकारी" म्हणत आत जातं आणि बर्लिनच्या एखाद्या खासगी कॉलेजचं ऑफर लेटर घेऊन बाहेर येतं. जर्मनीच म्हटलं की आई-वडिलांना दोन्ही सारखंच वाटतं. आमच्याच ओळखीतल्या एका घरानं असं पत्र आल्यावर पेढे वाटले, आणि फीचा आकडा नंतर वाचला. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्यानं नोंदणी करावी लागते; शिक्षणासाठी पाठवणाऱ्याला त्या कायद्याखाली लागत नाही. दुधाच्या पिशवीवर फॅट किती ते छापतात, तसं सल्लागारानं कुठल्या संस्थेकडून किती कमिशन घेतो ते काउंटरवर छापून लावावं, एवढी सक्ती तरी करा. त्यानं धंदा बंद पडणार नाही, पालक दुसरा प्रश्न विचारायला लागतील एवढंच.

मागणं फार नाही. फी नसलेल्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला असेल तर बंद खात्यातली रक्कम हाच शिक्षणाचा खर्च धरावा आणि पतहमीची मर्यादा त्या रकमेइतकी वाढवावी. पैसे कर्जदाराच्या हाती न देता थेट त्या खात्यात जातात आणि महिन्यामहिन्यानं सुटतात, त्यामुळे गैरवापराची भीती उलट कमी. क्रमवारीच्या जागी, ती संस्था त्या देशाची सरकारी आहे का आणि पदवीला तिथे मान्यता आहे का, एवढंच तपासावं. एपीएसवाले आपल्या मुलांचे कागद तपासतातच, आपल्याकडेही तिकडच्या संस्थांची अशी एक सरकारी यादी असायला हरकत नाही. गुजरात सरकार उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या बिनअनामत, म्हणजे आरक्षण नसलेल्या, वर्गातल्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी पंधरा लाखांपर्यंत चार टक्क्यांनी कर्ज देतं. राज्याला जमतं ते केंद्राला अवघड नसावं.

अजून एक बारीक गोष्ट, अर्थखात्याकडे पोचवावी. मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे बाहेर गेले तर टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, लागत नाही. कर्ज नाकारलं म्हणून जो बाप पीएफ काढून, दागिने मोडून आणि पतपेढीतून उचलून पैसे जमवतो, त्याला दहा लाखांपुढच्या रकमेवर टीसीएस भरावा लागतो. रिटर्न भरल्यावर तो परत मिळतो हे खरं, पण बंद खातं भरायच्या दिवशी तो हातात नसतो.

ती मुलगी गेली. पैसे कसे जमले ते मी इथे लिहीत नाही, घरातल्यांना आवडणार नाही. या वर्षी माझ्याकडे आणखी मुलं कागद घेऊन आली आहेत. जर्मनीत हिवाळी सत्राच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला संपते, आणि व्हिसाची रांग त्यानंतर लगेच सुरू होते. बँकांना परिपत्रक पाठवायचं असेल तर ते जूनपर्यंत शाखांच्या हातात पडायला हवं. ऑगस्टमध्ये निघालेलं परिपत्रक त्या वर्षी कामाला येत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून पाहिलेलं आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी
दांडिया बाजार, बडोदा