शेवटची पायरी लेकीची

प्रिय ताई,

तुमचे आभार मुद्दाम चारचौघांत मानतेय. तुमच्या ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारात, नेमकं करतात काय, असं मला अजूनही विचारलं जातं. विचारणाऱ्यांनाही हे वाचता येईल.

लेकीचं अक्षर सुधारावं म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही वही उघडलीच नाहीत. सकाळी उठल्यापासून ती काय काय स्वतः करते, कुठे अडते, ते विचारलंत. मग तिच्याकडे वळून, "तुला काय यायला हवंय?" ती म्हणाली, शर्टाची बटणं. तेच पहिलं उद्दिष्ट ठरलं. सहा वर्षांच्या मुलीला एवढं गांभीर्यानं विचारणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

बटण लावणं हे एक काम नसून कामांची साखळी असते, हे तुमच्याकडे कळलं. काजाची कड धरायची, बटण चिमटीत पकडायचं, आडवं करून अर्धं आत सरकवायचं, हात बदलायचा आणि पलीकडून ओढून घ्यायचं. दोन्ही हातांना एकाच वेळी वेगवेगळी कामं. तुम्ही शिकवायला सुरुवात केलीत ती शेवटाकडून. बाकी सगळं तुम्ही करायचात आणि अर्धवट बाहेर आलेलं बटण ती ओढून घ्यायची. ते जमल्यावर त्याच्या आधीची पायरी तिच्याकडे, मग त्याच्याही आधीची. मोजेही तसेच: टाचेपर्यंत आम्ही, वर ओढायचे तिनं. मुलानं सुरू करायचं आणि मोठ्यांनी पुरं करायचं, हा घरोघरचा शिरस्ता. तुम्ही तो उलटा केलात. त्यामुळे काम पुरं केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून तिच्या वाट्याला आला. मोठी बटणं, सैल काजं आणि शर्ट अंगात न घालता समोर टेबलावर, ही सुरुवातीची सवलत. मग हळूहळू अवघड.

अक्षराचं म्हणाल तर तुम्ही आधी खुर्ची पाहिलीत. पाय लोंबकळत होते, म्हणून पायाखाली स्टूल आलं. पाठ आणि खांदे स्थिर नसतील तर बोटं बारीक काम कशी करणार? म्हणून रांगणं, जड टोपली ढकलणं, भिंतीवर कागद लावून चित्रं काढणं. लांब खडू मुठीत धरला जातो. तुकडा आपोआप चिमटीत येतो, म्हणून खडूचे तुकडेच दिलेत. बघणाऱ्याला हा नुसता खेळ वाटतो. वाटू दे.

लेस बांधणं मात्र तूर्त बाजूला ठेवून वेलक्रोचे बूट घ्यायला सांगितलंत. काहींना ही माघार वाटली. मला नाही वाटली. बूट घालून वेळेवर बाहेर पडणं हेही स्वावलंबनच आहे, आणि कधी मुलाला शिकवायचं तर कधी वस्तूच बदलायची, हे ओळखणं हा तुमच्या कामातला मोठा भाग असावा.

सगळ्यात अवघड गृहपाठ तुम्ही आम्हाला दिलात: सूचना एकदाच द्यायची, मग थांबायचं. मदतीला सरसावलेला हात मागे घेणं कठीण असतं, विशेषतः सकाळच्या घाईत! त्यावर तुमचा तोडगा सरळ होता. नवीन काम सुट्टीच्या दिवशी शिकवायचं, घाईत फक्त जमलेलं करायचं.

आता केसांना रबर लावायला शिकायचं तिनं स्वतःच ठरवलंय. पहिला वेढा माझा, शेवटचा तिचा. पद्धत तुमचीच.

मनापासून आभार.

तुमची,
एक आई