लोंबोकची जमीन घेण्याआधी

महोदय,
बालीची सहल करून आलेल्या मुंबईकराला शेजारच्या लोंबोकवर एखाद्या खेड्यात जागा घ्यावीशी वाटली, तर आधी कायदा पाहावा. इंडोनेशियाच्या १९६० च्या भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, परदेशी माणसाला मिळत नाही. दलाल सांगतो, गावातल्या कुणाच्या तरी नावावर घ्या. असा व्यवहार रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत! खेड्यात पुष्कळदा ‘गिरिक’ हा जुना करकागद पुढे करतात. आपल्याकडच्या घरपट्टीच्या पावतीसारखाच, त्याने मालकी सिद्ध होत नाही. मुदतीचा भाडेपट्टाच करा, तोही जमीन कार्यालयात मूळ प्रमाणपत्र तपासून, नोटरीसमोर. विहिरीचे पाणी आणि वहिवाटीची वाट करारात लिहून घ्या.

— एक वाचक, दादर, मुंबई