फ्रिजचं दार उघडून दाखवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

तिसरी सुई परवा झाली. डावा दंड अजून ठणकतोय, उजव्या हाताने लिहितेय. पहिल्या वेळी कार्डावर तारखा लिहून तुम्ही वर म्हणाला होतात, "शिमग्याक पयली, आंब्याक दुसरी, गणपतीक तिसरी." तारखा विसरले असते. सण कसे विसरणार?

तुमच्याकडे यायच्या आधी मी दुसरीकडे गेले होते. कुठे ते लिहीत नाही, मला याच तालुक्यात राहायचंय. एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो त्याची लस हवी म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "लग्न ठरलंय?" नाही म्हटलं. "मग एवढ्यात कशाला?" दार अर्धं उघडं, बाहेर बाकावर आमच्या वाडीतली दोन माणसं. संध्याकाळपर्यंत बातमी माझ्या आधी घरी. आजी म्हणाली, "आधी लगीन होवंदे, मगे काय ता बघ." आजीवर राग नाही. पण संबंध येण्याआधी घेतली तर ही लस सगळ्यात जास्त उपयोगी, हे डॉक्टरांना मी सांगायचं? मेडिकलवाल्याने तर "ती शाळेतल्या पोरींची" म्हणून मला वाटेलाच लावलं. मी २४ वर्षांची. २६ पर्यंत घेता येते, फक्त पंधरा वर्षं पूर्ण झाली की दोनाऐवजी तीन डोस, हे तुम्ही सुई भरता भरता सांगून टाकलंत.

मावशी ४१व्या वर्षी गेली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. टाटाला नेलं तेव्हा उशीर झाला होता. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं जातात असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी मनात वजाबाकी केली. ४१ मधून २०. म्हणजे मावशी नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. ही लस भारतात आली २००८ला, तिच्या वाट्याला ती येणारच नव्हती. माझ्यासाठी पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक होती, डोसला दोन हजारांच्या आसपास. माझ्या पगारात ते थोडे नाहीत, पण जमले.

पण हे पत्र मे महिन्यातल्या त्या सकाळसाठी आहे.

आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला आणि आपल्याकडे पाऊस म्हणजे लाईट गेलीच. मी एसटीत बसले तेव्हाच डोक्यात किडा वळवळत होता, लस थंडीत ठेवावी लागते, रात्री काय झालं असेल? विचारायची हिंमत नव्हती. इतकं फुकट ऐकून घेतल्यावर माणूस प्रश्न गिळायला शिकतो.

मी विचारलंच नाही. तुम्ही मला आत बोलावलंत, फ्रिजचं दार हातभर उघडलंत आणि म्हणालात, "राती तीन तास लाईट नाय होती. मी दार उघडूकच नाय. बघ, काटो खंय आसा तो." दारात पाण्याच्या बाटल्या ओळीने, मधल्या फळीवर खोके, त्यांच्यात तो गोल थर्मामीटर. काटा सहा अंशांवर. लसीला हवं तसं, दोन ते आठच्या मध्ये. मग दार लावून फ्रिजच्या हँडलला सुतळीने बांधलेली वही दाखवलीत. रोजच्या दोन नोंदी, सकाळची आणि संध्याकाळची. त्या दिवशीच्या ओळीत निळ्या पेनाने: रात्री १०.४० ते १.३५ लाईट नाही.

मी पतपेढीत काउंटरवर बसते. खातेदाराने मागितल्याशिवाय आम्ही कधी खतावणी दाखवत नाही, आणि मागितली तर आधी तोंड वाकडं करतो. तोवर जो भेटला त्याने मलाच विचारलं होतं, लग्न कधी, कशाला, घरी सांगितलंस का. तुम्ही पहिल्या, ज्यांनी स्वतःचा हिशोब माझ्यापुढे ठेवला. तो वाचून मला काय कळणार होतं, हा प्रश्नच तुम्हाला पडला नाही. अशी माणसं फार थोडी असतात आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्या-तिसऱ्या टेबलावर असतात, पाटी भलत्याचीच असते.

सुई टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवलंत, चक्कर येते का बघायला. तेव्हाही बजावलंत की लस झाली म्हणजे सुटलीस असं नाही, ही त्या विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, तिशीनंतर तपासणी करायचीच. लिहून ठेवलंय.

परवा मोदक आणले होते, पण तुम्ही आधी वहीत सकाळची नोंद केलीत, मग हात धुतलेत, मग एक घेतलात.

मावशीची मुलगी आता आमच्याकडेच असते. तेरा वर्षांची. तिला दोनच डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. नाताळच्या सुट्टीत घेऊन येतेय. दुखतं का म्हणून रोज विचारते. मी म्हटलं, थोडं दुखतं, आणि आत गेलीस की सिस्टरना फ्रिज दाखवायला सांग.

तुमची,
गणपतीतली तिसरी सुई