व्हेक्टर लोगो म्हणून दिलेल्या फाइलीत सावली आणि थेंब व्हेक्टर नाहीत, त्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर सपोर्ट

नमस्कार,

माझी ऑर्डर ११ जानेवारीची आहे, प्रीमियम लोगो पॅकेज, ७,५०० रुपये, सगळे पैसे त्याच दिवशी यूपीआयने भरलेत. आमचा लातूरला लाकडी घाणा आहे, करडई आणि शेंगदाण्याचं तेल काढतो, मी, माझे मिस्टर आणि एक कामगार एवढाच पसारा. तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं की लोगो शंभर टक्के व्हेक्टर, म्हणजे फोटोसारखा ठिपक्यांचा नाही तर रेषा-आकारांनी बनलेला मिळेल, व्हिजिटिंग कार्डापासून होर्डिंगपर्यंत कितीही मोठा करा फाटणार नाही. ते वाचूनच पैसे भरले, नाहीतर इथला डीटीपीवाला ८०० रुपयांत करून देत होता.

लोगो मोबाइलवर बघितला तेव्हा खरंच छान वाटला, खोटं कशाला बोलू. तेलाचा सोनेरी थेंब, त्याच्यातून मागचा घाणा अर्धवट दिसतोय, खाली मऊ सावली. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला लावला, सगळ्या पाहुण्यांनी कौतुक केलं. पुढं जे झालं ते सविस्तर सांगते कारण तुमचा सपोर्टवाला तीनदा एकच उत्तर देतोय, "सर, आमच्याकडे फाइल नीट दिसतेय, प्रिंटरशी बोला." एक तर मी सर नाही. दुसरं, मी एका नाही चार जणांशी बोलले, चौघांनीही बोट तुमच्या फाइलीकडेच दाखवलं.

पहिला फ्लेक्सवाला. १० बाय ४ चा बोर्ड होता, अक्षरं एकदम कडक आली पण थेंबाखालची सावली म्हणजे नुसते चौकोनी ठोकळे, लहान पोरांनी ठोकळे मांडावेत तसे. तो पोरगा म्हणाला काकू ही सावली व्हेक्टर नाहीच, इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधला ड्रॉप शॅडो इफेक्ट आहे, तो आतून फोटोच असतो आणि त्याचं रिझोल्यूशन फाइल बनवताना ठरतं, यांनी इंचाला ७२ ठिपक्यांवर ठेवलंय. मला तेव्हा काही कळलं नाही, म्हणलं असेल काहीतरी, तसाच बोर्ड लावला कारण उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं.

खरा दणका लेबलला बसला. एक लिटरच्या बाटलीचं लेबल गडद हिरवं आहे, ५,००० नग छापायला टाकले, १२,००० रुपयांचं काम. लेबलवाल्याने तुमची ईपीएस, म्हणजे छपाईसाठीची फाइल मागितली, तो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, मी तीच पाठवली. लेबलं आली तर हिरव्या रंगावर थेंबाभोवती पांढरा चौकोन! लांबून बघितलं तर असं वाटतं की कुणीतरी वरून स्टिकर चिकटवलाय. आता तुम्ही म्हणाल आधी प्रूफ का नाही बघितलं, तर प्रूफ बघितलं होतं, मोबाइलवर पीडीएफ आली होती, त्यात तुमची पीएनजी, म्हणजे फोटोसारखी फाइल वापरून डिझाइन दाखवलं होतं आणि त्या पीएनजीत बॅकग्राउंड पारदर्शक होतं म्हणून चौकोन दिसलाच नाही. छापायच्या फाइलीत क्वालिटीसाठी त्याने ईपीएस घातली. त्याची चूक एवढीच की त्याने तुमच्या ईपीएसवर विश्वास ठेवला.

माझा भाचा पुण्यात एका प्रेसमधे आहे, त्याला सगळ्या फाइली पाठवल्या. त्याने जे सांगितलं ते तुमच्या डिझायनरला माहीत नसेल असं मला वाटत नाही, तरी लिहिते. ईपीएस हा पोस्टस्क्रिप्टचा, म्हणजे छपाईच्या मशीनला कळणाऱ्या भाषेचा प्रकार, त्याला ट्रान्सपरन्सी म्हणजे आरपारपणा माहीतच नाही, त्यामुळे सेव्ह करताना ती फ्लॅटन होते, म्हणजे आरपार दिसणारं सगळं ठोस करून टाकतात. तुमच्या फाइलीत सावलीच्या खाली काहीच नव्हतं, म्हणून खाली पांढरा कागद आहे असं धरलं गेलं आणि तो पांढरा सावलीत भाजून बसला. तोच माझ्या हिरव्या लेबलवर चौकोन होऊन आला. पीडीएफमधे ट्रान्सपरन्सी २००१ पासून चालते, १.४ आवृत्तीपासून, पण तुम्ही पीडीएफ १.३ मधे सेव्ह करून दिलीय, म्हणजे तिथंही फ्लॅटन, थेंबाचे एकवीस तुकडे झालेत आणि स्क्रीनवर तुकड्यांच्या मधे केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसतात.

एसव्हीजीची, म्हणजे वेबसाइटसाठीच्या व्हेक्टर फाइलीची तर कमालच. भाच्याने ती नोटपॅडमधे उघडली. अक्षरांचे पाथ, म्हणजे रेषा आहेत, ठीक, पण थेंब आणि सावलीच्या जागी इमेजचा टॅग आणि पुढं पानंच्या पानं एबीसीडीचा भुसा, म्हणजे पीएनजीच आत कोंबलीय. एसव्हीजीत ओपॅसिटी लिहिता येते, ब्लरचा फिल्टर लिहिता येतो, चार ओळींचं काम आहे म्हणे. डब्यावर लेबल लावलं म्हणून पामतेलाचं करडई तेल होत नाही हो, तसंच फाइलीच्या नावापुढं एसव्हीजी लिहून फोटोचा व्हेक्टर होत नाही.

बाकीचं थोडक्यात. टेम्पोच्या स्टिकरसाठी विनाइल कटिंगवाल्याकडे गेले, प्लॉटरचं, म्हणजे स्टिकर कापायच्या मशीनचं ब्लेड फक्त बाह्यरेषेवर चालतं, त्याला सावलीच्या फोटोचा चौकोनच रेघ म्हणून मिळाला आणि त्याने चौकोनच कापला. १५ किलोच्या पत्र्याच्या डब्यावर एका रंगात स्क्रीन प्रिंट करायचंय, तिथं मऊ सावली म्हणजे बारीक बारीक ठिपके, ते पत्र्यावर टिकत नाहीत, कुठं भरून येतात कुठं उडतात. ट्रेडमार्कचा अर्ज करायचाय, त्याचे ऑनलाइन ४,५०० भरायचे आहेत, एजंट म्हणाला रंगाचं बंधन न घालता काळ्या-पांढऱ्यात द्या, मग सगळ्या रंगांना लागू धरतात. पण काळ्या-पांढऱ्यात तुमचा लोगो म्हणजे एक राखाडी डाग, कारण थेंबाला स्वतःची कडाच नाही, जे काही दिसतं ते सावलीमुळे आणि आरपारपणामुळे. माझ्या मते खरी गडबड इथं आहे. लोगो सावलीवर उभा केलाय, सावली काढली की उरतच नाही काही.

म्हणून शेवटी टेम्पोवर नाव पेंटरकडून लिहून घेतलं. सत्तरीचे आजोबा आहेत, गंज गोलाईजवळ बसायचे पूर्वी. त्यांनी अक्षरांना सावली दिलीय बरं का, पिवळं अक्षर आणि खाली-उजवीकडं सरकवलेला चॉकलेटी रंग, दोन्ही ठोस, ब्लर नाही की काही नाही. भाच्याने फोटो बघितला आणि हसायलाच लागला, म्हणाला मावशी लोगोची सावली अशीच काढायची असते, वेगळा आकार, वेगळा सॉलिड रंग, कुठल्याही मशीनवर जाते. थेंबाचंही तसंच, थेंब आणि घाणा जिथं एकमेकांवर येतात तेवढा भाग कापायचा आणि त्याला मधला एक ठोस रंग द्यायचा, डोळ्याला आरपारच वाटतं, फाइलीत ट्रान्सपरन्सी शून्य. कोरलमधे इंटरसेक्ट मारला की झालं, इलस्ट्रेटरमधे पाथफाइंडर. हे त्याने जेवता जेवता सांगितलं, फोनवर.

मला ब्लरवाल्या सावलीचा राग नाहीये. वेबसाइटला, इन्स्टाला ती ठेवा, तिथं शोभते. पण ती वरून लावलेली पाहिजे, वेगळ्या लेयरवर, बंद केली की मूळ लोगो धडधाकट राहिला पाहिजे.

आता मला काय पाहिजे ते. याच थेंबाचा आणि घाण्याचा लोगो ठोस रंगांत परत काढून द्या, सगळं पाथमधे, अक्षरं कर्व्ह केलेली म्हणजे रेषांत बदललेली, कुठंही इफेक्ट नको, ट्रान्सपरन्सी नको, आत दडवलेला फोटो नको. एक पूर्ण रंगीत, एक एकाच रंगातला, एक गडद बॅकग्राउंडवर चालणारा उलट रंगांचा. सावलीचा वेगळा द्या, आणि त्यात सावलीचं रिझोल्यूशन ३०० ठेवा. सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल पण द्या, जुन्या व्हर्जनमधे सेव्ह करून, कारण इकडं सगळे कोरलच वापरतात आणि नवी फाइल त्यांच्याकडं उघडत नाही. आणि लेबलच्या १२,००० पैकी निम्मे तरी तुम्ही सोसा, सगळे मागत नाहीये कारण एक नमुना आधी छापून बघायला पाहिजे होता एवढं मला पण कळतं.

हे जमत नसेल तर ७,५०० परत करा, मी दुसऱ्याकडून करून घेते. पंधरा दिवस वाट बघते, नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावणार आहे. धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही असं सांगून टाळू नका, आम्ही स्वतः राबून पोट भरतो.

पांढऱ्या चौकोनाचं लेबल, फ्लेक्सचा जवळून काढलेला फोटो आणि नोटपॅडचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय. फोन करायचा तर दुपारी दोन ते चार करा, बाकी वेळ घाणा चालू असतो, ऐकू येत नाही. आणि कृपया डिझायनरलाच बोलायला सांगा.

आपली,
लातूरची घाणावाली ग्राहक