काकींच्या पिशवीतून कोळंबी नाही

आचरा, आषाढ

प्रिय मंग्या,

नाही पाठवणार. काकी डिसेंबरात ब्रिस्बेनला येतायत, पाण्याच्या बाटलीत लाल चेरीची, म्हणजे टाकीत पाळायच्या त्या गोड्या पाण्यातल्या इवल्या लाल कोळंबीची, दहा-बारा पिल्लं सहज मावतील, कोण बघतंय, हे सगळं तू इतकं गोड बोललास की मीच बाटली शोधायला उठलो होतो. पण साठी उलटलेल्या बाईला तिच्या नकळत विमानतळावर अडकवायचं? दंड तर आहेच, शिवाय २०१९ पासून अशा प्रकरणात पाहुण्याचा व्हिसा रद्द करायची सोय ऑस्ट्रेलियाने करून ठेवलीय. नातवाचं तोंड न बघता परतीच्या विमानात बसलेल्या काकी मला नकोत.

आणि जिवंत कोळंबी बाहेरून आणायच्या त्या बंदीला तू शिव्या घातल्यास ना, 'एवढ्याशा सुंगटाने, बारक्या कोळंबीने, काय होतंय' म्हणून, तिथे मी तुझ्या बाजूने नाही. तुझ्या घरापासून गोल्ड कोस्टच्या वाटेवर लोगन नदी लागते. २०१६च्या अखेरीस तिथल्या कोळंबीच्या तळ्यांत व्हाइट स्पॉट हा विषाणूचा रोग आला. क्लोरीन घालून तळीच्या तळी मारून टाकावी लागली, आणि जानेवारी २०१७ मध्ये सरकारने कच्च्या कोळंबीची आयातच थांबवली. नंतर जुलैत उघडली, पण अटी कडक करून. हा विषाणू कुर्ली, शेवंड, कोळंबी, गोड्या पाण्यातली सुंगटं असं बघत नाही. दहा पायांच्या बहुतेक सगळ्यांना लागू शकतो, आणि काही जण स्वतः धडधाकट राहून तो पुढे देतात. म्हणजे तुझ्या बाटलीतली टुणटुणीत चेरी काहीच सिद्ध करत नाही. आपल्याकडे १९९४-९५ मध्ये टायगर कोळंबीचा धंदा ह्याच रोगाने बसवला, हे खाडीकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचार. आपल्याकडेही काही मोकळं रान नाही. २००९ मध्ये व्हनामी ह्या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाली तीसुद्धा पैदाशीसाठी बाहेरून आणलेली कोळंबी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून तपासून घ्यायच्या अटीवर.

आता तुझं खरं दुखणं. लाल रंग फिका पडत चाललाय, काही पिल्लं तपकिरी निघतायत, म्हणून तुला 'इथला ताजा माल' हवाय. अरे, माझा माल तरी कुठला ताजा? कुर्ल्याच्या बाजारातून आणलेल्या चेरींची पोरं-नातवंडं. चेरीचं मूळ तैवान-चीनकडचं, आणि रानातली चेरी तपकिरीच असते. लाल, पिवळी, निळी हे सगळं माणसाने निवडून निवडून काढलेलं. दोन रंग एका टाकीत सोडलेस की दोन-तीन पिढ्यांत पिल्लं मूळच्या तपकिरी रंगावर जातात. तुझ्या त्या फोटोत मागच्या कोपऱ्यात एक निळी दिसली मला. ती आधी बाहेर काढ, बाकीचं नंतर बोलू.

मग निवड. एका टाकीत फक्त गडद माद्या आणि त्यातल्या त्यात लाल नर ठेव. नर बारीक आणि फिकटच असतो, त्यामुळे लोक माद्या निवडतात आणि नराकडे बघतच नाहीत. निम्मा रंग तिथेच जातो. फिके सगळे दुसऱ्या टाकीत. काळी वाळू घाल, पांढऱ्या तळावर चांगली चेरीसुद्धा अंग चोरून फिकी होते. मादीच्या मानेमागे पिवळसर खोगीर दिसलं की अंडी तयार होतायत. तिने कात टाकली की नर वेड्यासारखे टाकीभर फिरतात, घाबरू नकोस. पोटाखाली वीस-तीस अंडी, साधारण तीन ते चार आठवडे, आणि बाहेर पडतं ते थेट छोटं सुंगट, मध्ये डिंभाची, म्हणजे अळीसारखी, अवस्थाच नाही. त्यामुळेच तर ही जात घरात वाढते.

बाहेरून नवं रक्त येणारच नसेल तर आहे ते रक्त फिरवत राहायला हवं. ब्रिस्बेनमध्ये लाल चेरी पाळणारा कोणीतरी असेलच. त्याचे नर तू घे, तुझे त्याला दे, वर्षाकाठी एकदा. किमतीची घासाघीस करू नकोस. जिथे दार बंद आहे तिथे शेजारचा पाळणारा हेच तुझं बंदर आणि तोच तुझा विमानतळ.

माझ्याकडचं पाणी तुला माहीतच आहे, जांभ्यातल्या विहिरीचं, इतकं मऊ की चेरीला कात टाकताना कवचच नीट धरत नाही. मी तिसऱ्यांच्या शिंपांचा चुरा फडक्यात बांधून टाकतो, चुन्याची गरज त्यातच भागते. तुझं नळाचं पाणी वेगळं असणार, तपासून घे. त्यात क्लोरामाइन असेल तर ते बादली रात्रभर उघडी ठेवून उडत नाही, त्याचं औषध घालावं लागतं. इथे माझी धास्ती वेगळीच: पोफळीवर कोळेरोगाची फवारणी. बोर्डो मिश्रणात मोरचूद, म्हणजे तांबं, आणि तांबं ह्या जिवांना थेंबानेही पुरतं. फवारणी सुरू झाली की विहिरीचं पाणी टाकीत घालणं बंद, पागोळीचं भरून ठेवलेलं वापरायचं. मे महिन्यात पाणी तापतं ते वेगळंच. टाक्या माजघरात खाली जमिनीवर ठेवतो, वर छोटा पंखा, आणि वीज गेली की ओल्या गोणपाटावर भिस्त. आयेचं रोजचं एकच, 'ह्या सुंगटांची कडी कधी करतलंस रे?'

बदामाची पानंही मागितली आहेस. तीही नाही. बंगाली बदामाचं झाड उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर मूळचंच आहे, तिकडच्याच कोणाकडून तांबडी होऊन गळलेली पानं मिळव. ज्या झाडावर औषध मारत नाहीत त्याचीच घे. एक पान टाकीत कुजू दे, त्यावर जी बुळबुळीत साय धरते तीच पिल्लं खातात. बाजारच्या गोळ्या कमी कर.

आणि एक सांगू? तुझ्या तिथल्या ओढ्यांत पॅराट्या नावाची काचेसारखी कोळंबी आहे, चेरीच्याच कुळातली. पकडायचे नियम बघ आणि एक टाकी तिची कर. मी वहाळातली, इथल्या ओढ्यातली, आपली पारदर्शक कोळंबी पाळायला लागल्यापासून चेरीकडे माझं लक्ष जरा कमीच झालंय. रंग नाही, पण चालते काय, दिवसभर पाय हलवत शेवाळ खरवडत असते. आपल्याकडच्या काही जातींची पिल्लं खाडीच्या मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत, त्यामुळे घरात पैदास होता होत नाही. मीठ किती, कधी, कसं उतरवायचं, ह्यात माझा सगळा पावसाळा चाललाय. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन कोणाला तरी गाठायचा विचार आहे. मोठ्या गोड्या कोळंबीची पिल्लं मचूळ पाण्यात कशी वाढवतात ते त्यांना पाठ असतं.

चेरीच्या टाक्यांना मात्र वरून बारीक जाळी मारलीय. पडवीतली टाकी पावसाने भरून वाहिली तर चेरी वहाळात जाईल, आणि मग तुझ्या सरकारला नावं ठेवायला मला तोंड राहणार नाही.

काकींबरोबर आमसुलं पाठवतोय. विमानातल्या कार्डावर खाण्याचं आहे म्हणून खूण करायला त्यांना नीट समजावून सांग; विमानतळावर ठेवून घेतली तर घेऊ देत. त्या निळीचं काय केलंस ते कळव.

तुझा,
बाळा