खालच्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

तुमचे समोरासमोर आभार मानायला गेलं की "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही कुकर लावायला उठता. म्हणून हे उघड पत्र. लेकीला विचारूनच लिहिते आहे. तिची अट एकच: वजन किती घटलं, किती वाढलं, ताटात किती कॅलरी होत्या, यातला एकही आकडा द्यायचा नाही. जेवण तोडण्याच्या आजारात असताना ती स्वतः असे आकडे शोधून वाचायची आणि त्यांच्याशी शर्यत लावायची. दुसऱ्या कुणा मुलीच्या हाती आपले आकडे पडू नयेत, असं तिला वाटतं.

दहावीच्या वर्षात हे सुरू झालं ते उपासांच्या आडून. आधी श्रावणी सोमवार, मग चतुर्थी, मग नवरात्राचे नऊ दिवस. कालिकेच्या यात्रेत भेटलेल्या बायका कौतुक करायच्या, एवढ्याशा वयात केवढी श्रद्धा! उपास सुटायचा, पण जेवण काही पहिल्यासारखं व्हायचं नाही. पुढे पाळी थांबली, विंचरताना केसांचे पुंजके हातात यायला लागले, एप्रिलच्या उन्हातही ती स्वेटर घालून बसायची. तपासणीत नाडी फार मंद निघाली. मानसोपचारतज्ज्ञांनी आजाराचं नाव सांगितलं, ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे जाड होण्याच्या धास्तीनं खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांच्या लेखी ती थेरंच होती. 'दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप जेवेल' असा सल्लाही मिळाला. उपाशी राहणं हाच ज्या पोरीचा आजार, तिच्यासाठी हा सल्ला!

उपचाराची जी पद्धत ठरली, ती लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात आकाराला आली. सुरुवातीला काय खायचं, किती, कधी, हे मुलीनं ठरवायचं नाही, आईवडिलांनी ठरवायचं. तब्येत सावरेल तसतसं ते हळूहळू तिच्या हाती परत द्यायचं. तीन जेवणं, मधे दोन-तीनदा खाणं, प्रत्येक वेळी कुणीतरी शेजारी बसलेलं, आणि जेवणानंतरही तासभर सोबत. कागदावर हे सोपं दिसतं. माझी अंबडला पहिली शिफ्ट, ह्यांची सातपूरला जनरल शिफ्ट. दुपारच्या जेवणाला घरात कोण? रजा संपत आल्या होत्या आणि नोकरी सोडण्यावर आमचं बोलणं सुरू झालं होतं. तुम्हाला ते कुठून कळलं, मी कधी विचारलं नाही. जिन्यात थांबवून एवढंच म्हणालात, "दुपारी माझ्याकडे पाठव. मलाही एकटीला जेवण जात नाही."

मदत करतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही मात्र माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "मी काय काय बोलायचं नाही, ते आधी सांगा." डॉक्टरांनी त्या दिवशी अमेरिकेतल्या मिनेसोटा इथल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ती माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. आमच्याकडे तेच चाललं होतं. सगळ्या बिल्डिंगला नारळाच्या वड्या करून वाटायच्या आणि स्वतः तोंडात कणही टाकायचा नाही. परतताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "म्हणजे ही भूक चिडते आपल्यावर. पोर नाही चिडत."

सुट्टीच्या दिवशी एकदा मीही तुमच्याकडे बसले होते. दोन ताटं, दोन्हींत सारखंच वाढलेलं: पोळी, मेथीची भाजी, कोशिंबीर, वरणभात आणि वर तूप. तूप दिसताच तिचे डोळे भरले. तिनं पोळीचे नखाएवढे तुकडे केले, भात ताटाच्या कडेला पसरला, एक घास कागदी रुमालात गुंडाळला. तुम्ही ते पाहिलंत. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर कागदी रुमाल नव्हते, धुतलेलं फडकं होतं. त्यावरून एक शब्द नाही. "मला सगळे मिळून जाड करताय" असं ती किंचाळली, तेव्हा तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "माझा राग आला तरी चालेल बयो. जेवण मात्र संपवायचं." मग पेपरातलं शब्दकोडं पुढे ओढलंत. "आडवा सात, चार अक्षरी." वरण गार झालं, तुम्ही उठून गरम करून आणलंत. आणि तुमच्या ताटात शेवटचा घास तसाच होता. तिचं संपेपर्यंत तो तुम्ही खाल्ला नाहीत, तिला एकटीनं जेवावं लागू नये म्हणून. हे रोज चालायचं, असं लेकीनं नंतर सांगितलं.

लाड म्हणून कुणी डबाभर डिंकाचे लाडू पाठवले, तेही तुम्ही थोपवून धरलेत. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फरस घसरून हृदयावर ताण येतो, म्हणून सुरुवातीला खाणं बेताबेतानं वाढवायचं होतं आणि सोबत रक्ततपासण्या चालू होत्या. हे तुम्ही घरोघरी न थकता समजावून सांगितलंत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी सगळ्या बायकांना बजावलंत: पोरीच्या अंगावरून काही बोलायचं नाही, कौतुकही नको. 'गाल भरले' हे आपल्याला चांगलं वाटतं, तिच्या कानात त्याचं 'जाड झालीस' होतं. अभ्यासाचं विचारा, मैत्रिणींचं विचारा.

आणि श्रावण. तुमचा सोमवार सासूबाईंपासून चालत आलेला. लेकीनं पुन्हा उपासाचा विषय काढला. "लेकराला आणि आजाऱ्याला उपास नसतो" एवढं सांगून तुम्हाला थांबता आलं असतं. तुम्ही त्या दुपारी स्वतःच्या ताटात पोळी वाढून घेतलीत आणि तिच्यासोबत जेवलात. पूर्ण श्रावणभर. तुम्हाला ते सोपं गेलं नाही, हे मला ठाऊक आहे. काकू, माझ्या लेकीसाठी इतकं मोठं काही दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं काही दिसत असेल, तर मूल हाडकुळं दिसेपर्यंत वाट पाहू नका. अंगानं भरलेल्या मुलींना आणि मुलग्यांनाही हा आजार होतो, जिवावरही बेततो. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, फुकट, दिवसरात्र.

आता बारावी. पाळी नियमित आहे, डबा ती स्वतः भरते, कधीकधी मीच चोरून बघते. मागच्या महिन्यात मैत्रिणींसोबत मिसळ खायला गेली, तर्री मागून घेतली, वर पाव मागवला. ही बातमी आधी तुम्हाला कळली, मला संध्याकाळी. त्याचा मला आनंदच झाला. परीक्षेच्या ताणात जुन्या सवयी डोकं वर काढू शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून ते दिवस दुपारचं जेवण तुमच्याकडेच, हे तिनं परस्पर ठरवून टाकलंय. गहू मात्र ह्या वेळी माझ्याकडून दळून येतील. नाही म्हणू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची